स्टिअरिंगमागची पाती

अनंता, तू गेल्याचं कळलं आणि मी पेणहून नागोठण्याला धावलो, पण आधी तुझ्याजवळ नाही गेलो. आधी गाडीजवळ गेलो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तुला चादर घालून ठेवलं होतं. सुमनवहिनी अजून गावाहून यायची होती. मी त्या चादरीकडे लांबूनच पाहिलं आणि तसाच मागे फिरून रस्त्याला लागलो. गाडी पुलाच्या अलीकडे, दोन चाकं डांबरावरून खाली उतरवून उभी होती. किल्ली कोणी काढली नव्हती. मी तुझ्या सीटवर बसलो, इंजिन चालू केलं आणि उजव्या हाताच्या बोटांनी स्टिअरिंगमागचं पातं ओढलं. खट्‌ झालं, मग तो ओळखीचा सुस्कारा, आणि क्लचचं पेडल कोणाचा पाय न लागता खाली गेलं. सोडलं, वर आलं. स्टिअरिंग पुरतं वळवून पुन्हा ओढलं. दुसरं पातं ओढलं. सगळं चालत होतं.

मला हायसं वाटलं, अनंता. तू तिकडे चादरीखाली आणि मला हायसं वाटलं की माझी वायर तुटली नव्हती. त्यानंतर मी तुझ्याजवळ आलो, तुझ्या हाताला हात लावला, रडलो पण. लोकांनी ते रडणं पाहिलं. त्याच्या आधीचं कोणी पाहिलं नाही.

हे मी कोणाला सांगणार? असल्या गोष्टी मी तुलाच सांगायचो.

तू धरमतरच्या खाडीकाठचा, मिठागरावर वाढलेला. मी पेणच्या बाजारामागचा, गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकून बसलेला. तुझी जीप पेण-रोहा भाडी मारायची आणि तुझा हॉर्न दर आठवड्याला बिघडायचा. पुढे माझ्या ध्यानात आलं की हॉर्न बिघडत नव्हता. तुला बसायला जागा हवी होती. बाकड्यावर बसून तू दुनियेच्या गाड्यांना नावं ठेवायचास आणि मी सोल्डर करता करता हसायचो. तुझ्या घरी मी पहिल्यांदा जेवलो तेव्हा सुमनवहिनीने चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं. माझी फोडायची पद्धत बघून ती म्हणाली, "भावजी, याला पण पाना लागतो काय तुम्हाला?" तेव्हापासून मी तुमच्या घरचा झालो.

मग खांब गावाजवळ तो ट्रक आला.

त्याबद्दल तू फार थोडं बोललास. ट्रक अंगावर येताना तुझा डावा हात गिअरवर होता आणि एका हातातलं स्टिअरिंग उसळून सुटलं, एवढंच मला माहीत आहे. डावा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. जीप भंगारात गेली. तू दारातल्या खुर्चीत बसलास आणि बसलेलाच राहिलास. मी यायचो तेव्हा तू माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचास, पाहुण्याशी माराव्यात तशा. तू तोंडभर शिव्या घालणारा माणूस. ते गोड बोलणं ऐकून मला भीती वाटायची.

कृत्रिम पाय बसवायला तुला पुण्याला नेलं होतं. तिथून परत आलास ते घरी न जाता थेट माझ्या दुकानात. कुबडी भिंतीला टेकवलीस, माझ्याकडून खडू मागून घेतलास आणि फरशीवर बसून चित्र काढायला लागलास.

"दत्तू, इकडे बघ. तिथे एक रिटायर जवान आलेला. एक पाय नाय त्याला. पण गाडी स्वतः चालवत आला. मी बॉनेट उघडायला लावलं. हा डबा हाय बघ. इंजिन हवा आत ओढतं ना, त्या ओढीची नळी या डब्याला. आतला पडदा मागे सरकतो आणि क्लचची तार ओढतो. मध्ये विजेची झडप. खटका दाबला की झडप उघडते. पाय लागतच नाय."

"त्याचा खटका कुठे होता?"

"गिअरच्या दांड्यावर."

"मग आपला पण तिथेच. दांडा जागेवरच असतो, वायर सरळ खाली उतरते. सोपं काम."

"नाय. मना स्टिअरिंगवर पायजे. मागच्या बाजूला, बोटांना लागेल असा."

तिथे आपलं भांडण सुरू झालं. तुझ्या मामाची जुनी पांढरी गाडी शेडमध्ये पडून होती, तिचा गिअरचा दांडाही स्टिअरिंगखालीच, म्हणजे खटका दांड्यावर ठेवला तरी हात जेमतेम वीतभर हलवायचा. मी तुला हे दहा वेळा समजावलं. स्टिअरिंग फिरतं, फिरणाऱ्या वस्तूला वायर जोडली की ती गुंडाळते आणि तुटते, हेही सांगितलं.

तू म्हणालास, "अचानक ब्रेक मारायची वेळ आली तर मी क्लचसाठी हात सोडू? एकदा सोडला होता. आता नाय सोडणार. जे काय दाबायचं ते स्टिअरिंग धरल्या धरल्या दाबता आलं पायजे."

"अरे पण वायर?"

"मग हॉर्न कसा वाजतो? हॉर्नचं बटण पण स्टिअरिंगवरच हाय ना? त्याची वायर नाय तुटत?"

तुझं बरोबर होतं. हॉर्नसाठी स्टिअरिंगच्या तळाशी एक पितळी कडी असते आणि तिच्यावर कार्बनचा छोटा तुकडा घासत राहतो. स्टिअरिंग कितीही फिरो, वीज पोचते. जन्मभर मी त्या कड्या साफ करत आलो होतो. पण कडी एकच, हॉर्नपुरती. दुसरी कडी बसवायची तर ती पहिलीला चिकटता कामा नये, घासता कामा नये आणि त्या चिंचोळ्या जागेत मावलीही पाहिजे.

मी सोपा रस्ता काढला. घड्याळातल्या कमानीसारखी वायर सैल गुंडाळून आत बसवली, म्हणजे स्टिअरिंग फिरलं की ती उलगडेल आणि परत गुंडाळेल. पाती तूच बनवलीस, स्टीलच्या पट्टीतून कापून, कानशीने कडा मारून. दोन बनवलीस, कारण स्टिअरिंग उलटं फिरलं तरी एक हाताखाली यायला हवं. तू त्या कडांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होतास. खुर्चीत बसलेला अनंता त्या दिवशी कुठे गेला कोण जाणे. "कान हायत का नाय, कानस तिकडे ठेव म्हटलं ना, भाड्या" असं तू मला ओरडलास आणि मला एवढा आनंद झाला की मी चहा मागवला.

धरमतरला जेटीच्या मागच्या मोकळ्या जागेत आपण गाडी नेली. मिठागरावरच्या बाया काम थांबवून बघत होत्या. तू पातं ओढलंस, पहिला गिअर टाकलास, सोडलंस. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. डब्यात हवा एकदम शिरत होती म्हणून क्लच एकदम सुटत होता. आपण नळीला बारीक तोटी लावली, ती कमी-जास्त करत बसलो आणि दुपार कलता कलता गाडी लोण्यासारखी सुटली. तू हसत होतास. मग तुला वळवून बघायची हौस आली. स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलंस, परत फिरवलंस, आणि तिसऱ्या वेळी माझी ती घड्याळाची कमान तुटली. तू पातं ओढत राहिलास, काही होईना, गाडी गिअरमध्ये तशीच चालत जाऊन मिठागराच्या बांधावर चढली.

मी धावत आलो. तू दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून बसला होतास, पांढरा पडलेला. मला वाटलं आता हा पुन्हा त्या खुर्चीत जाणार.

तू म्हणालास, "दत्तू, कडी बसव."

कडी बसवली. लेथवाल्याकडून पितळेची कातून घेतली, जुन्या स्विचबोर्डाच्या बेकलाइटची चकती कापून दोन कड्यांमध्ये घातली, स्टार्टरचा कार्बन घासून घासून बारीक केला. पहिल्या दोन कड्या वाया गेल्या. तिसरी बसली ती बसली. गाडी नव्याने शिकायला तुला वेळ लागला, ते मी बघितलं आहे. पाय ज्या गोष्टी आपोआप करायचा त्या बोटांना शिकवाव्या लागल्या. तू जेवताना पण ताटाच्या कडेखाली बोटं आवळायचास, सोडायचास. वहिनी म्हणायची, "भात खा, क्लच नंतर."

परिवहनच्या साहेबांनी तुझ्या शेजारी बसून गाडी चालवून घेतली, पाती स्वतः ओढून बघितली आणि स्वतःच्या वापरापुरती परवानगी दिली. भाडं मारायचं नाही ही अट. ती अट तू तुझ्या पद्धतीने पाळलीस. भाडं नाही, पण ओळखीचं कोणी असलं की "बसा". आणि पेणपासून रोह्यापर्यंत तुला अनोळखी होतं कोण? सुकेळी खिंडीखालच्या वाडीतली, कळा सुरू झालेली एक बाई तू पहाटे रोह्याला दवाखान्यात पोचवलीस आणि परत येऊन माझ्या दुकानात बसून रडलास. मुलगी झाली म्हणून नव्हे. तिच्या सासऱ्याने उतरताना तुझ्या पायाकडे बघितलंच नाही, म्हणून. त्याला घाई होती. तुला तेवढंच हवं होतं.

ती गाडी नसती तर तू कधीच संपला असतास, असं मी आजवर म्हणत आलो. लोक पण म्हणायचे. मला ते ऐकून बरं वाटायचं. आता ते वाक्य तोंडाशी येतं आणि पुढे सरकत नाही.

कारण एक गोष्ट तुला माहीत नाही. माझ्या तोंडून तुला ती कळायची नव्हती.

गणपती होऊन गेल्यावर एकदा सुमनवहिनी माझ्या दुकानात आली. एकटी, एस्टीने. ती यापूर्वी कधी एकटी आली नव्हती. मी स्टूल पुढे केलं, ती बसली नाही.

"भावजी, एक काम हाय. त्याला सांगायचं नाय."

मग तिने सांगितलं की तुला छातीत दुखतं, रात्री उठून बसतोस, आणि रोह्याच्या डॉक्टरांनी तिच्यादेखत तुला सांगितलंय की हृदय अशक्त झालंय, गाडी चालवायची नाही. बाहेर आल्यावर तू तिला म्हणालास, डॉक्टरला काय कळतं. आणि गाडी चालवतच तिला घरी आणलंस.

"त्या पात्यांची वायर तोडा," ती म्हणाली. "सांगा जळली. सांगा सामान मिळत नाय. तुमच्याशिवाय दुसरं कोणाला ती जमायची नाय. गाडी उभी राहील, तो घरी राहील."

"वहिनी, माझ्याने नाय व्हायचं."

"का?"

मी तिला सांगितलं की तू स्वतः वायर उघडून बघशील, तुला कळेल. आणि कळलं की दुसऱ्या कोणाकडून कच्ची जोडून घेशील, ती रस्त्यात तुटेल, आणि ते जास्त वाईट. हे सगळं खरं होतं. आजही खरं वाटतं. पण अनंता, मी ती वायर तोडू शकत नव्हतो हेही खरं होतं. माझ्या हातून आयुष्यात तेवढं एकच काम असं झालं होतं की ज्यामुळे माणूस उठून उभा राहिला.

वहिनीने पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाली, "तुम्ही दोघांनी मिळून गाडी बनवली तेव्हा मना कोणी विचारलं? आता तोडायची म्हटलं तर मी दारोदार विचारत फिरते." पायरी उतरता उतरता वळली. "बोला तरी त्याच्याशी. मी आलेली सांगू नका. घर डोक्यावर घेईल."

मी बोललो. वडखळच्या नाक्यावर, चहाच्या टपरीसमोर, तू गाडीतच बसला होतास आणि मी तुझ्या शेजारी.

"हल्ली दमतोस तू," मी म्हणालो.

"दमतो."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवलं. गाडी बंद म्हणाला."

तू हे इतकं सरळ सांगितलंस की मी तयार केलेलं सगळं बोलणं विसरलो. "मग?" एवढंच विचारलं.

"मग काय? चा पी."

"अनंता, मस्करी नको. जिवाशी खेळतोस तू."

तू पेला डॅशबोर्डवर ठेवलास. समोरून ट्रेलर चालले होते, कंपनीच्या बसेस चालल्या होत्या, शिफ्ट सुटली होती. एकाने तुझी गाडी रस्त्यात आहे म्हणून कर्कश हॉर्न दिला.

"ऐकलंस?" तू म्हणालास. "घरात सगळे माझ्याशी हळू बोलतात, दत्तू. पाय गेल्यापासून. सुमन पण. इथे लोक हॉर्न मारतात, शिव्या घालतात. मना ते बरं वाटतं."

"म्हणून मरायचं?"

"मरायचं कोण म्हणतो? दिवाळीपर्यंत चालवतो. मग किल्ली तुझ्याकडे. तूच ठेव, हवं तर खाडीत टाक."

"आत्ता दे."

"आत्ता रोह्याला माणसं थांबलीत माझी."

"ती एस्टीने येतील."

"मग मी कशाला हाय?" असं म्हणालास आणि हसलास, आणि इंजिन चालू केलंस. "उतर. उरलेलं भांडण परत आल्यावर."

ते भांडण उरलं. त्यानंतर आपण भेटलो, बोललो, जेवलो, पण त्यावर पुन्हा नाही बोललो. तू टाळलंस आणि मीही तुला टाळू दिलं. दिवाळी यायची होती.

तू गेलास त्या दिवशीचं मला रोह्याच्या शिक्षिका बाईंनी सांगितलं. त्या तुझ्या शेजारी पुढच्या सीटवर होत्या. मागे एक म्हातारा, त्याची सून आणि तिचं लेकरू. नागोठणं जवळ आल्यावर तू बोलायचं थांबलास. बाईंना वाटलं रस्त्यात खड्डे आहेत म्हणून. मग तू म्हणालास, "जरा थांबतो, बाई." गाडी हळू झाली, कडेला आली, दोन चाकं खाली उतरली. कुठे धक्का नाही. हँडब्रेक ओढल्याचा आवाज त्यांनी ऐकला. त्यानंतर तू कपाळ स्टिअरिंगला टेकलंस. त्यांना वाटलं तू विसावा घेतोयस. लेकरू मागून हसत होतं. जरा वेळाने बाईंनी तुझ्या खांद्याला हात लावला.

"तुमच्या मित्राने आम्हाला वाचवलं," बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. मी मान डोलावली.

गावात मात्र वेगळंच बोलणं चाललं होतं. बटणांची गाडी, मध्येच बंद पडली असेल, धक्क्याने गेला असेल बिचारा. पोलिसांनी मला विचारलं, मी त्यांच्यासमोर पाती ओढून दाखवली. यंत्र ठीक आहे, माणूस आजाराने गेला, असं ठरलं. मी सुटलो म्हणायचं.

तेराव्याला तुझ्या अंगणात माणूस मावत नव्हता. खाडीपलीकडून होडीने लोक आले होते. ती सुकेळीची बाळंतीण मुलीला कडेवर घेऊन आली होती, कोपऱ्यात बसून राहिली. रोह्याच्या बाईंनी सगळ्यांना पुन्हा सांगितलं, तू मरता मरता गाडी कशी कडेला घेतलीस. बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. वहिनी ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

जेवणं झाल्यावर मी तिला भेटायला मागच्या पडवीत गेलो. काय बोलणार होतो मला माहीत नव्हतं.

तीच बोलली. "भावजी, चार जीव होते त्या गाडीत. त्यातलं एक लेकरू. सगळे म्हणतात त्याने वाचवलं. व्हय, वाचवलं. पण त्यांना मरणाच्या दारात नेलं कोणी?"

मी पडवीच्या पायरीवर बसलो.

"मी तुमच्याकडे आली तेव्हा मना तो जगायला पायजे होता, म्हणून आली. लोकांचं मनात नव्हतं. पण आता रात्री डोळे मिटले की ते लेकरू दिसतं. तुम्हाला नाय दिसत?"

मी तिला खरं सांगितलं. तोपर्यंत दिसलं नव्हतं. वडखळला तुझ्याशी भांडताना मी फक्त तुझ्या जिवाचं बोललो होतो. तुझ्या मागच्या सीटवर कोण बसतं, हे माझ्या तोंडात आलंच नाही. तुझ्याही आलं नाही. तू म्हणालास, माझी माणसं थांबलीत. माझी माणसं, अनंता. तुझ्यावर भरवसा ठेवून थांबलेली. तू त्यांना सांगितलं होतंस का डॉक्टर काय म्हणाला ते?

हे मी तुला विचारायला हवं होतं. तू काय म्हणाला असतास? रागावला असतास हे नक्की. पण नंतर, माझ्या बाकड्यावर बसून, पायाचा पट्टा सैल करत, काहीतरी बोलला असतास. तुझ्या त्या बोलण्याची मी किती वेळा वाट बघितली मनातल्या मनात. कधी तू म्हणतोस, "चूक झाली रे." कधी म्हणतोस, "पण थांबवली ना गाडी?" दोन्ही तुझ्याच आवाजात ऐकू येतं. दोन्ही खरं वाटतं.

तुझा राग येतो मला. हे मेल्या माणसाला लिहायचं नसतं, पण येतो. आणि तुझी आठवण येते ती रागाच्या आत बसलेली असते. कोणी गाडीवाला येऊन म्हणतो हॉर्न वाजत नाही, आणि मी मान वर करून बघतो.

आता पुढचं सांगतो.

मागच्या आठवड्यात आमटेमचा एक माणूस आला. रामदास त्याचं नाव. टेम्पो चालवायचा, कंपनीच्या कंत्राटावर. माल उतरवताना पिंप पायावर आलं, डावा पाय काढला. त्याने तुला रस्त्यात पाहिलं होतं, कितीदा तरी. एकदा तू गाडी थांबवून त्याला पाती ओढून दाखवली होतीस म्हणे, आणि म्हणालास, "पेणला दत्तू हाय. त्याच्याकडे जा." मला हे तू कधी बोलला नव्हतास. तो कुबड्यांवर उभा राहून विचारत होता, ती गाडी विकणार आहेत का. नाहीतर माझ्यासाठी तसंच यंत्र बनवाल का.

त्याचं बोलणं मी ऐकत होतो आणि तो कुठे बघतोय ते बघत होतो. दुकानात उभ्या असलेल्या गाड्यांच्या स्टिअरिंगकडे बघत होता. तू पण तसाच बघायचास, खुर्चीतल्या दिवसांत, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या स्टिअरिंगकडे.

हो म्हणायला माझे हात शिवशिवले. मी हो म्हणालो नाही. गाडी तुझी होती, आता वहिनीची आहे. मी तिच्याकडे गेलो.

ती अंगणात तांदूळ निवडत होती. गाडी शेडमध्ये, ताडपत्रीखाली. मी रामदासचं सांगितलं. ती सूप हलवत राहिली. मी थांबलो. मला वाटलं ती म्हणेल, जाळून टाका ती. किंवा काहीच म्हणणार नाही आणि मला उठून जावं लागेल.

"वय काय त्याचं?" तिने विचारलं.

"तिशीचा असेल."

"लगीन झालंय?"

"झालंय. लहान मुलगी हाय."

तिने सूप खाली ठेवलं. "घेऊन जा गाडी. दारात मना ती बघवत नाय आणि भंगारात घालायला जीव होत नाय. तो रोज तिला पुसायचा." तिचा आवाज तिथे पहिल्यांदा फाटला. पदराने तोंड पुसून ती पुन्हा बोलली. "पण एक करा भावजी. आधी त्याच्या बायकोला विचारा. तो समोर नसताना. तिला सगळं सांगा, आमच्या याचं काय झालं ते पण. डॉक्टरचं पण. ती नाय म्हणाली तर नाय. मग तो कितीही रडू दे."

मी आमटेमला गेलो. रामदास तेव्हा मलमपट्टीला दवाखान्यात गेला होता, मला ते ठाऊक होतं. त्याची बायको दारात आली, लहानसर, हाताला पीठ लागलेलं. मी ओट्यावर बसलो आणि तिला तुझी गोष्ट सांगितली. खडूचं चित्र, बांधावर चढलेली गाडी, बाळंतीण, सगळं. मग छातीचं दुखणं, डॉक्टर, आणि ते चार जण. वहिनी माझ्याकडे आली होती तेही सांगितलं. तुला जे कधी सांगितलं नाही ते एका परक्या बाईला सांगितलं.

ती दारातच उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ह्यांना गाडी मिळाली तर हे पुन्हा माणसात येतील, मना माहीत हाय. पण नंतर हे माझं ऐकतील काय?"

तू ऐकलं नव्हतंस, एवढं मी तिला आधीच सांगितलं होतं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली आणि आत गेली.

याला आता काही दिवस झाले. गाडी माझ्या दुकानासमोर आहे. रामदास जवळजवळ रोज एस्टीने येतो, बाकड्यावर बसतो, आणि विचारतो कामाला कधी हात लावणार. मी म्हणतो, थांब. काल तो चिडला. कुबडी आपटून म्हणाला, "पण तुम्ही थांबलाय कोणासाठी?"

त्याला मी काही बोललो नाही. तुला सांगतो, अनंता. पीठ लागलेल्या हातांनी ती आत गेली, अजून तिने हो म्हटलेलं नाही. मी तिच्यासाठी थांबलोय.